डाग: 'स्टिग्मा' या शब्दाची गोष्ट



मार्च २०२० आठवतोय का? करोना नुकताच आपल्या राज्यात शिरला होता. ज्यांना घरातच वेगळं राहायला सांगितलं जायचं, त्यांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला शाईचा शिक्का मारायचा, असं राज्य सरकारनं ठरवलं. त्याच आठवड्यात मुंबईहून सुरतकडे निघालेल्या चार प्रवाशांच्या हातावर सहप्रवाशांना असा शिक्का दिसला आणि त्यांना पालघरला गाडीतून खाली उतरवण्यात आलं.

त्या दिवसांत मला फोनवर जे प्रश्न यायचे, त्यांतला एक अजून लक्षात आहे. फोन करणारा ओळखीचा तरुण होता. ताप किती, खोकला कसा, याबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही. तो म्हणाला, "डॉक्टर, ही शाई कशानं जाते?"

महिनाअखेरीस निवडणूक आयोगानं या कामासाठी मतदानाची न पुसणारी शाई वापरायला परवानगी दिली. म्हणजे मतदानाच्या दिवशी जी शाई बोटावर मिरवत आपण फोटो काढतो, तीच शाई आता लोक बाहीखाली लपवू लागले. शाई एकच आणि हातही डावाच. मग एकदा अभिमान आणि एकदा शरम, असं का व्हावं?

या प्रश्नाला इंग्रजीत एक शब्द आहे, 'स्टिग्मा'. आम्हा डॉक्टरांच्या बोलण्यात तो रोज येतो. मराठीत आपण त्याला कलंक, बट्टा किंवा सरळ 'डाग' म्हणतो. आज या शब्दाचा इतिहास सांगतो. तो फुलापासून तुरुंगापर्यंत आणि तिथून थेट माझ्या तपासणीच्या खोलीपर्यंत येतो.

शब्द आला कुठून?

'स्टिग्मा' हा मूळ ग्रीक शब्द. ज्या धातूपासून तो झाला, त्याचा अर्थ टोचणे. भाषेचे अभ्यासक त्याचं नातं संस्कृतातल्या 'तिज्' या धातूशी जोडतात आणि त्याच 'तिज्'पासून आपला 'तीक्ष्ण' हा शब्द झाला. म्हणजे शब्द परका वाटला तरी लांबचा नातेवाईक आहे.

प्राचीन ग्रीसमध्ये पळून जाऊन पकडल्या गेलेल्या गुलामाच्या कपाळावर सुईनं आणि शाईनं खूण करायचे. त्या खुणेला स्टिग्मा म्हणत. तापलेल्या सळईनं डागण्यापेक्षा हे काम बहुतेक वेळा गोंदण्याचं असे, असं आज बरेच अभ्यासक मानतात. कपाळच निवडायचे, कारण कपाळ झाकता येत नाही. समोरच्याला तो माणूस कोण, कसा, हे विचारायची गरजच उरत नसे. कपाळ वाचलं की झालं.

पुढे ख्रिस्ती धर्मात याच शब्दाचं अनेकवचन, 'स्टिगमाटा', पवित्र अर्थानं आलं. १२२४ मध्ये संत फ्रान्सिस यांच्या अंगावर येशूच्या जखमांसारख्या खुणा उमटल्या, अशी त्यांच्या भक्तांची श्रद्धा आहे. गुलामाच्या कपाळावरचा शब्द संताच्या तळहातावर गेला आणि लोक त्यापुढे हात जोडू लागले.

वैद्यकातही तो आहेच. लिव्हर फार दिवस खराब असलेल्या रुग्णाचे तळहात लाल दिसतात, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल रेषा दिसतात. या खुणांना आम्ही 'स्टिगमाटा' म्हणतो. चष्म्याच्या दुकानात 'सिलिंड्रिकल नंबर' म्हणतात, तो दोष म्हणजे अस्टिग्मॅटिझम. 'अ' म्हणजे नसणे आणि 'स्टिग्मा' म्हणजे ठिपका. प्रकाशाचे किरण डोळ्यात एका ठिपक्यावर जमत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. तिथे कुणाची बदनामी नाही. चष्मा लावला की काम भागतं.

फुलातला स्टिग्मा

आता जरा शेतात जाऊ. दहावीपर्यंतच्या विज्ञानात तुम्ही फुलाची आकृती काढली असेल. मधोमध स्त्रीकेसर. त्यात खाली अंडाशय, वर कुक्षीवृंत आणि टोकाला कुक्षी. या कुक्षीला इंग्रजीत स्टिग्मा म्हणतात. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं अठराव्या शतकात फुलांच्या भागांची नावं पक्की केली, त्यात हे नाव रूढ झालं. टोकावरचा बारीक ठिपका, म्हणून स्टिग्मा.

कुक्षी चिकट किंवा केसाळ असते. वाऱ्यानं किंवा मधमाशीनं आणलेले परागकण ती धरून ठेवते. तिथे पराग रुजला तरच दाणा भरतो. आपल्या ज्वारीच्या फुलातली कुक्षी पिसासारखी असते, वाऱ्यावरचे पराग झेलायला. मक्याच्या कणसाच्या टोकाला जे रेशमी केस लोंबतात, तेही कुक्षी आणि कुक्षीवृंतच. एका केसामागे एक दाणा. ज्या केसाला पराग मिळाला नाही, तिथली जागा कणसात रिकामी राहते. सणावाराला दुधात घालतो ते केशर म्हणजे एका जांभळ्या फुलाच्या वाळवलेल्या कुक्षी. एका फुलात जेमतेम तीन तंतू निघतात. किलोभर केशरासाठी लाख-दीड लाख फुलं खुडावी लागतात, म्हणून ते एवढं महाग.

मला यातलं एक फार आवडतं. एकाच अवयवाला पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी 'ठिपका, डाग' म्हटलं. आपल्या भाषेत नाव देणाऱ्यांनी त्याला 'कुक्षी' म्हटलं. संस्कृतात कुक्षी म्हणजे पोट, उदर, कूस. बाहेरून आलेल्याला पोटात घेणारी जागा. एकाच गोष्टीला दिलेली ही दोन नावं ध्यानात ठेवा, शेवटी त्याकडे परत येऊ.

आपल्याकडचे डाग

अंगावर खूण करणं आपल्याला नवं नाही. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या सत्तरीपुढच्या आजींच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर हिरवं गोंदण असतं. ब्लडप्रेशरचा पट्टा बांधताना मी विचारतो, "आजी, हे कधी गोंदलं?" आजी खुलतात. मेल्यावर सोबत येतं ते एवढंच, असं सांगतात. ग्रीक गुलामाच्या कपाळावरही सुई आणि शाईच होती. वैष्णवांच्या काही परंपरांत आषाढी एकादशीला शंख-चक्राची तापवलेली मुद्रा अंगावर घेतात. तो डाग भक्तीचा.

दुसऱ्या प्रकारचे डागही दिसतात. एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं पोट तपासताना बेंबीभोवती जुने गोल व्रण दिसतात. लहानपणी पोट फुगलं, कावीळ झाली म्हणून दिलेली डागणी. कुणाला बिब्बा घातलेला असतो. बिब्ब्याचा डाग कपड्यावरून जात नाही, म्हणून परीट त्यानं कपड्यांवर खुणा करत. हाच बिब्बा कातडीवर भाजल्यासारखी जखम करतो. सांगून ठेवतो, डागणीनं कावीळ बरी होत नाही. लहान बाळाला तर जंतुसंसर्ग होऊन जिवावर बेतू शकतं. कृपा करून हे करू नका.

सरकारी शिक्का

खूण जेव्हा सत्तेच्या हातात जाते, तेव्हा ती वेगळं रूप घेते. ब्रिटिश काळात बंगाल प्रांतात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदत. या शिक्षेलाही 'गोदना'च म्हणत. १८४९ मध्ये ती बंद झाली. पण बावीस वर्षांनी, १८७१ मध्ये, सरकारनं सुईशिवाय गोंदायची युक्ती काढली. तिचं नाव गुन्हेगार जमाती कायदा. काही जमातींत जन्मलेलं प्रत्येक मूल जन्मतःच गुन्हेगार, अशी नोंद. १९११ च्या कायद्यानं ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही आली. शेजारच्या सोलापुरात अशा लोकांना ठेवण्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. सोलापूरकर त्या भागाला अजूनही 'सेटलमेंट' म्हणतात.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, पण लोकांच्या मनातला गेला नाही. हे कसं असतं ते वाचायचं असेल, तर लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' हे आत्मकथन वाचा. त्यांचा जन्म त्याच १९५२ सालचा, धनेगावचा. हे गाव आज लातूर जिल्ह्यात आहे, पण १९८२ पर्यंत लातूर आपल्याच जिल्ह्याचा भाग होतं. या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच्या इंग्रजी अनुवादाला जे नाव दिलंय, त्याचा अर्थ होतो 'डागलेले'. ग्रीकांच्या मूळ शब्दाच्या इतक्या जवळ जाणारं नाव क्वचितच सापडेल.

महारोग

आता माझ्या विषयाकडे येतो. आजारांपैकी सगळ्यात जुना आणि खोल डाग आहे तो कुष्ठरोगाचा. लोक त्याला महारोग म्हणत, रक्तपिती म्हणत. मागच्या जन्मीचं पाप म्हणत.

१८७३ मध्ये नॉर्वेच्या डॉ. हॅन्सेन यांनी या रोगाचा जंतू दाखवला. पाप नाही, शाप नाही, वंशानं येणारा रोग नाही, जंतू आहे. यावर लोकांची भीती कमी व्हायला हवी होती. झालं उलटंच. जंतू आहे म्हणजे लागण होते, मग रोग्याला दूर ठेवा, असा अर्थ जगभर घेतला गेला. आपल्याकडे १८९८ मध्ये त्यासाठी खास कायदा आला. भीक मागत फिरणाऱ्या कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात डांबायची मुभा त्यात होती.

महाराष्ट्राचं भाग्य असं की याच मातीत उलट्या दिशेनं चालणारी माणसं निघाली. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित, गांधीजींचे येरवड्याच्या तुरुंगातले सोबती. त्यांना हा रोग झाला आणि ते सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमातच ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी मालिश केली. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभं केलं.

बाबा आमट्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, पण तिचा सुरुवातीचा भाग आपण घाईत वाचतो. वरोऱ्यात पावसात गटाराकाठी पडलेला तुळशीराम त्यांना दिसला. बोटं झडलेली, जखमांत किडे. बाबा आमटे घाबरले आणि तिथून पळाले. पुढे त्यांना त्या पळण्याचीच लाज वाटली आणि ते परत गेले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली, त्यातून आनंदवन उभं राहिलं. एवढा धाडसी माणूसही आधी पळाला होता, हे मला फार धीर देणारं वाटतं. भीती वाटणं हा गुन्हा नाही. परत जायचं की नाही, हे आपल्या हातात असतं.

औषधंही आली. १९४० च्या दशकात डॅप्सोन आलं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत सुचवली, तिला आपण एमडीटी म्हणतो. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्यायच्या की रोग बरा. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका जातो. डिसेंबर २००५ मध्ये देशातलं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं.

आणि १८९८ चा कायदा? तो २०१६ मध्ये रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग आहे, या कारणावर घटस्फोट मागण्याची तरतूद तर २०१९ मध्ये काढली गेली. म्हणजे रोग बरा करणाऱ्या गोळ्या आल्यावरही साडेतीन दशकं कायद्याच्या पुस्तकात तो डाग तसाच होता.

माझी चूक

हे सगळं सांगणारा मी काही वेगळा नव्हतो. एमडी करून परत आलो, तेव्हाची गोष्ट. पंचवीसेक वर्षं झाली. बाजाराचा दिवस होता, ओपीडी भरलेली. चाळिशीची एक बाई दिरासोबत आली. तव्याचा चटका बसून हाताला फोड आला होता आणि तिला तो बसल्याचं कळलंच नव्हतं. कोपराच्या वर फिकट चट्टा होता. डोळे मिटायला सांगून मी कापसाचा धागा चट्ट्यावर फिरवला. तिला समजलं नाही. कोपरामागची नस जाड लागत होती. निदान सोपं होतं, आणि ते अचूक जमल्याचा मला आनंदही झाला होता. मी मोठ्यानं म्हणालो, "ही तर महारोगाची लक्षणं आहेत."

दीर खुर्चीवरून उठून उभा राहिला. पडद्यापलीकडच्या बाकावर बसलेली माणसं सरकली, ते मला आवाजावरून कळलं. बाईनं पदर खाली ओढून हात झाकला. मी चिठ्ठी लिहून दिली, पण ती पुन्हा आली नाही.

सहा वर्षांनी आली. एकटीच. उजव्या हाताची दोन बोटं वाकून पंजासारखी झाली होती. मी ओळखलं नाही, तिनंच आठवण दिली. मी म्हणालो, "मावशी, तेव्हाच का नाही आलात?" ती म्हणाली, "पोरगी उजवायची हुती सायेब. तुमी नाव घेतलं आन् गावात आमच्या आधी पोचलं. मग म्या म्हनले, मला कायबी न्हाई."

औषधानं तिचा रोग बरा झाला. वाकलेली बोटं सरळ झाली नाहीत. त्या सहा वर्षांचा हिशोब मी जंतूच्या नावावर टाकू शकत नाही.

तेव्हापासून दार लावल्याशिवाय आणि रुग्णाला एकट्याला विचारल्याशिवाय मी असं निदान सांगत नाही. नाव लपवतही नाही. आमच्यातले बरेच जण टीबीला रुग्णासमोर 'कॉक्स' म्हणतात, घरच्यांना कळू नये म्हणून. हेतू चांगला असतो, पण कुजबुजीनं डाग आणखी गडद होतो. नाव स्पष्ट सांगावं आणि त्याच दमात 'हा बरा होतो' हेही सांगावं.

कोड: चुकीच्या नावाचा डाग

एक शेवटची गोष्ट, कारण तिच्यामुळे आपल्याकडे अजून लग्नं मोडतात. संस्कृत 'कुष्ठ' या शब्दापासून हिंदीत 'कोढ' झाला, त्याचा अर्थ कुष्ठरोग. त्याच शब्दापासून मराठीत 'कोड' झाला, त्याचा अर्थ अंगावरचे पांढरे डाग. त्यात कोडाला 'श्वेतकुष्ठ' हे जुनं नाव. या घोळात दोन पूर्ण वेगळे आजार लोकांच्या मनात एक झाले.

कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात, बाकी काही नाही. जंतू नाही, लागण नाही, बधिरपणा नाही. एका ताटात जेवा, एका अंथरुणात झोपा, काही होत नाही. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी श्वेता असोसिएशन सुरू केली. २००६ चा 'नितळ' हा मराठी चित्रपटही याच विषयावर आहे. घरच्यांसोबत जरूर बघा.

तुम्ही काय करायचं?

१९६३ मध्ये अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं 'स्टिग्मा' याच नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डाग त्या माणसात नसतो, तो बघणारा आणि बघितला जाणारा यांच्या नात्यात असतो. म्हणून मतदानाची शाई शोभते आणि तीच शाई करोनात टोचते. आणि म्हणूनच बघणाऱ्यांना, म्हणजे तुम्हाला-मला, इथे काहीतरी करता येतं.

- अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लगेच दाखवा. हातापायांना मुंग्या, बधिरपणा, न कळता चटके बसणं, चप्पल पायातून निसटणं, हेही सांगा. लवकर औषध घेतलं तर बोटं वाकत नाहीत.
- पांढरा डाग दिसला म्हणून स्वतःच निदान करू नका. कोड, शिबं, कुष्ठरोग हे वेगवेगळे आजार आहेत.
- डॉक्टरांशी एकट्यानं बोलायचं असेल तर तसं सांगा. तो तुमचा हक्क आहे. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्यानं गुप्तता बंधनकारक आहे.
- शेजारी कुणाला टीबी, एचआयव्ही, मानसिक आजार किंवा कुष्ठरोग झाल्याचं कळलं, तर ती बातमी पुढे पाठवू नका. चहाला जा.

फुलाच्या त्या टोकाला एका भाषेनं डाग म्हटलं आणि दुसरीनं कूस. आजारी माणूस दारात आला की आपल्यापुढेही हीच दोन नावं असतात. माझ्याकडून पहिलं नाव एकदा मोठ्यानं उच्चारलं गेलं. तुमच्याकडून तसं होऊ नये, म्हणून हा लेख.

काही शंका असेल तर दवाखान्यात येऊन विचारा. दार लावून बोलू.